तेल, पर आणि मटण: कोकण किनाऱ्यावरचा मुशीचा व्यापार

कोकण किनाऱ्यावर शार्कला मुशी म्हणतात आणि तिच्या चपट्या, चाबकासारख्या शेपटीच्या भावंडाला पाकट. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फाटे फुटलेली ती कानमुशी, आणि लांब सोंडेच्या दोन्ही कडांना दात असलेला तो करवत मासा. मालवणकडे आणि गोव्यात लहान मुशी मोरी या नावाने स्वयंपाकघरात येते. या साऱ्यांच्या अंगात हाड नसते, सांगाडा कूर्चेचा असतो आणि कल्ल्यांच्या चिरा उघड्या दिसतात. पापलेट, सुरमई, रावस हे मासे अख्खे मोजले जातात आणि अख्ख्यावर भाव ठरतो. मोठ्या मुशीचे तसे नव्हते. तिचे यकृत एकाकडे जाई, पर दुसऱ्याकडे, मांस खारवणाऱ्याकडे आणि कातडे आणखी कोणाकडे. एका भागाचा भाव पडला तर दुसऱ्या भागाचा चढे. त्यामुळे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत व्यापाराचा माल बदलत गेला, पण मुशीची शिकार कधी थांबली नाही.

ही शिकार मुशीला का झेपत नाही, हे तिच्या वाढीत आणि विणीत दिसते. बांगडा किंवा तारली एका हंगामात हजारो अंडी सोडते, त्यांतली थोडी जगली तरी थवे पुन्हा भरतात. बहुतेक मोठ्या मुशी वयात यायलाच कित्येक वर्षे घेतात, पिल्ले महिनोन्महिने पोटात वाढवतात आणि एका वेतात मोजकीच देतात. मोठ्या पाकटांचा हिशेब तर याहून तंग असतो. अशा प्राण्याची मादी जाळ्यात गेली की पुढच्या अनेक वर्षांची वीण तिच्याबरोबर जाते. याला एक मोठा अपवाद महाराष्ट्राच्याच पाण्यात आहे. स्कोलिओडॉन लॅटिकॉडस ही फावड्यासारख्या चपट्या नाकाची छोटी मुशी हातभर वाढली की वयात येते आणि एका वेतात दहा-बारा, कधी त्याहूनही अधिक पिल्ले देते. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, जवळजवळ पिवळ्या बलकाविना असते. त्यामुळे पिल्लांचे सारे पोषण आईच्या वारेतून होते. मुंबईपासून मालवणपर्यंतच्या बाजारांत टोपलीभर दिसणारी लहान मुशी बहुतेक वेळा हीच असते.

मुशीच्या मांसाची एक अडचण आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंगातले पाणी टिकवण्यासाठी मुशी आणि पाकट रक्तात व स्नायूंत युरिया साठवून ठेवतात. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करू लागतात, आणि बर्फ नसेल तर काही तासांतच मांसाला उग्र दर्प येतो. म्हणून मुशी एकतर किनाऱ्यावर ताजी खाल्ली जाते, तीही कोकम किंवा चिंचेच्या आंबटात. गोव्याचे मोरीचे आंबोटीक आणि मालवणातले भरपूर वाटपाचे मोरीचे मटण यांची चव याच गरजेतून घडली असावी. नाहीतर मुशी चिरून, मीठ भरून उन्हात सुकवली जाते, मग ती महिनोन्महिने टिकते. मिठाने युरिया बऱ्याच अंशी बाहेर निघून जातो. किनाऱ्यावरच्या अनेक घरांत बाळंतिणीला अंगावर दूध यावे म्हणून लहान मुशी देतात. तमिळनाडूतही हीच समजूत आहे आणि तिथे अशा मुशीला पाल सुरा, म्हणजे दुधाची मुशी, असेच नाव आहे.

घाटावर मुशी जिवंत कोणी पाहिली नाही. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा संख्याविषयक अधिकारी पुण्यात राहून दख्खनची मोजदाद करत होता. त्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांवर लिहिलेला प्रबंध १८४१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत छापून आला. त्यात मराठी नावांवरून ठेवलेल्या जातींची रांग आहे, खुद्री, कोलस, पोटाईल, मुशल्या, पण मुशी किंवा पाकट त्यात नाही. कोरेगाव भीमापाशी वाहणारी भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीच्या माथ्यावरून समुद्र डोळ्यांना जवळ दिसत असला तरी इथल्या पाण्याची वाट दुसऱ्याच समुद्राकडे जाते. शिरूर-दौंडकडे समुद्र पोचला तो आठवडी बाजारातल्या सुकटीच्या आणि बोंबलाच्या टोपलीतून. मुशी पुढे तेलाच्या बाटलीतून आली, त्याची हकिगत खाली येईल.

मुशीच्या परांचा व्यापार जुना आहे. चिनी मेजवान्यांतल्या सारासाठी लागणारे वाळवलेले पर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून गोळा होत आणि एकोणिसाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरचा बराच माल मुंबईत येऊन तिथून चीनला रवाना होई. मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राचे संपादक डॉ. जॉर्ज ब्विस्ट यांनी १८५० मध्ये कराचीच्या मुशी-मासेमारीचे वर्णन लिहून पाठवले. सिंध तेव्हा नुकताच मुंबई इलाख्याला जोडला गेला होता. बारा-बारा माणसांच्या तेरा मोठ्या होड्या बारमाही हेच काम करत आणि वर्षाला निदान ४०,००० मुशी मारल्या जात असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत मोठ्या मुशीला तिकडे म्होर म्हणत. ती पाण्याच्या वरच्या थरात संथ पडून राही, तिला आठ फुटी भाला मारत, दमेपर्यंत पळू देत आणि मग अनेक होड्यांनी ओढून किनाऱ्याला आणत. लांबी चाळीस ते साठ फूट सांगितली आहे. हे वर्णन व्हेल शार्कचेच असावे. बाकीच्या जाती जाळ्यात पकडल्या जात. या वर्णनात परांच्या उत्पन्नाचा हिशेब रुपयांत दिला आहे आणि मुशींची संख्या अंदाजाने. व्यापाराची नोंद ठेवणाऱ्यांचे लक्ष कुठे होते, ते यावरून कळते.

तेलाचा उपयोगही जुनाच. मुशीला इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते. पाण्यात तरंगत राहण्याला तिला तेलाने भरलेले मोठे यकृत मदत करते, आणि काही जातींत ते शरीराच्या वजनाच्या चौथाईपर्यंत जाते. ते उकळून काढलेले तेल होड्यांच्या फळ्यांना चोपडत, म्हणजे लाकडात पाणी मुरत नाही आणि कीड लवकर लागत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारण्याचे मुख्य कारण बराच काळ हेच होते. खरखरीत कातडे लाकूड घासायला कामी येई. हे सारे उपयोग गावापुरते होते. त्यांच्यासाठी कोणी मुद्दाम मोठ्या प्रमाणावर मुशी मारत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने हे पार बदलले. कॉडच्या यकृताचे तेल, जे लहान मुलांना, क्षयरोग्यांना आणि गर्भवतींना औषध म्हणून दिले जाई, ते मुख्यतः नॉर्वेकडून येत होते. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि पुरवठा आटला. कॉडच्या तेलाची खरी ताकद त्यातल्या अ आणि ड जीवनसत्त्वांत आहे, हे तोवर सिद्ध झाले होते. मुशीच्या यकृतात अ जीवनसत्त्व कॉडपेक्षा कितीतरी पट असते, हेही ठाऊक झाले होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९३७-३८ पासून यासाठी मुशींवर अक्षरशः धाड पडू लागली होती. भारतात मद्रास सरकारने कालिकतला, त्रावणकोर संस्थानाने आपल्या किनाऱ्यावर आणि मुंबई सरकारच्या मत्स्य खात्याने कुलाब्याच्या ससून गोदीत मुशीच्या यकृताचे तेल काढायला सुरुवात केली. १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी कापसाच्या व्यापारासाठी बांधलेल्या या गोदीला तोवर माशांचा वास लागलेला होताच.

तेल काढायची रीत अवघड नव्हती, पण घाईची होती. यकृत ताजे असताना काढायचे, पित्ताची पिशवी फुटू न देता वेगळी करायची, तुकडे करून वाफेवर शिजवायचे, वर आलेले तेल गाळायचे. ऊन, हवा आणि लोखंडाचा संपर्क जितका कमी तितके जीवनसत्त्व टिकते. यकृताची ताकद जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे फार बदलते, म्हणून प्रत्येक खेपेचे तेल तपासून ते शुद्ध शेंगदाण्याच्या तेलात ठरावीक प्रमाणात मिसळत. कॉडच्या तेलाची बरोबरी करणारी बाटली अशी तयार होई. शेंगदाणा घाटावरचा आणि यकृत कोकणचे, असा हा मिलाफ होता. बडोद्याच्या अलेंबिकचे शार्कोफेरॉल हे टॉनिक तर पुढची कित्येक दशके मराठी घरांच्या फडताळात राहिले. समुद्र न पाहिलेल्या गावांतली मुलेही ते चमच्याने प्यायली.

ससून गोदीत यकृतासाठी मुशी येऊ लागल्या आणि त्याचा एक अनपेक्षित लाभ विज्ञानाला झाला. मुंबईच्या मत्स्य खात्यात डॉ. एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर हे दोघे काम करत होते. पोटात पिल्ले असलेल्या माद्या पूर्वी कोणी नीट पाहिल्या नव्हत्या, आता त्या मोठ्या संख्येने समोर येत होत्या. सारंगधरांनी १९४० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वाघमुशीच्या, म्हणजे टायगर शार्कच्या, खाण्याच्या आणि विणीच्या सवयींवर लिहिले. १९४८ पासूनच्या दोन-तीन वर्षांत दोघांनी मिळून मुंबईच्या मुशी व पाकटांच्या विणीवर आणि गर्भाच्या वाढीवर लेखांची मालिका प्रसिद्ध केली. त्यात लहान मुशीच्या वारेचे वर्णन आहे, बांबूमुशीच्या अंड्यांचे आहे, मोठ्या गिटारमाशाचे आहे आणि करवत माशाच्या गर्भाचेही आहे. आज हे लेख वाचताना सर्वांत लक्षात राहते ती शेवटची गोष्ट. १९४० च्या दशकात मुंबईच्या पाण्यात पिल्ले असलेली करवत माशाची मादी अभ्यासाला मिळू शकत होती. आता किनाऱ्यावर असा मासा मिळाला तर त्याची बातमी होते. संवर्धनाच्या दृष्टीने या दोघांचे काम म्हणजे या समुद्रात पूर्वी काय होते याचा भरवशाचा पुरावा आहे, जरी त्यांनी ते त्या हेतूने लिहिले नव्हते. सेटना यांच्याच काळात मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले.

मुशीचे शास्त्रीय नाव मात्र त्यांच्या लेखांमुळे नव्हे, तर परीक्षेमुळे घराघरांत गेले. ई. एम. तिल्लैयंपलम यांची स्कोलिओडॉनवरची पुस्तिका १९२८ मध्ये लखनौहून निघाली आणि कूर्चामत्स्यांचा नमुना म्हणून हीच मुशी देशभरच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत बसली. पुढची ऐंशीएक वर्षे फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या मुशी किनाऱ्यावरून महाविद्यालयांत जात राहिल्या. त्यांच्या कवटीतल्या नसा मोकळ्या करून दाखवणे हा प्रात्यक्षिकातला कठीण प्रश्न असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले, तेव्हा हे मुशीचे एक छोटे पण खात्रीचे गिऱ्हाईक गेले.

तेलाचा धंदा मात्र लवकर बसला. १९४७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये अ जीवनसत्त्व कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली आणि काही वर्षांतच कृत्रिम जीवनसत्त्व स्वस्त झाले. कॅलिफोर्नियातला मुशीचा साठा त्याआधीच कोसळला होता, तिथे मासे संपले आणि मग गरज संपली. कोकणात तेवढी वेळ आली नाही, गरज आधी ओसरली. पुस्तकांतून हा प्रसंग विज्ञानाने मुशी वाचवल्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच खरे आहे. यकृताचा भाव पडला, पण परांचा चढू लागला, आणि त्याहून मोठा बदल होड्यांत झाला.

१९५० नंतर सरकारी कर्जांवर आणि सहकारी संस्थांमार्फत मासेमारी होड्यांना इंजिने बसली. केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाने रूढ केलेली तळ खरवडणारी ट्रॉल जाळी हळूहळू साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. हा ट्रॉल कोळंबीसाठी होता, कारण कोळंबीला परदेशात डॉलर मिळत. पण तळाशी राहणारी लहान मुशी, पाकट आणि गिटारमासे कोळंबीसोबत वर येत. मुशी पूर्वी गळाला किंवा मोठ्या दोराच्या जाळ्यात पकडायची तर तिच्या मागे जावे लागे. आता ती कोणी न शोधता येऊ लागली. मुंबई-पालघरकडे ओहोटी-भरतीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यांतही लहान मुशी मिळते, पण ती जुनी गोष्ट आहे आणि तिचे प्रमाण ट्रॉलच्या तुलनेत मर्यादित होते. १९८० च्या दशकात हाँगकाँग आणि चीनमधली मागणी वाढली तसे परांचे भाव चढले आणि सोबत आलेली मुशी बाजूला टाकायचे कारण उरले नाही. देशभरात मुशी व पाकटांचे उत्पादन १९९८ मध्ये सुमारे ७५ हजार टनांवर पोचले. नंतरच्या दोन दशकांत तो आकडा पुन्हा गाठता आला नाही, जरी इंजिने मोठी झाली आणि होड्या दूर जाऊ लागल्या. मासेमारीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा आहे. पावसाळ्यातली दोन महिन्यांची बंदी त्यातूनच येते, पण त्या काळात मुशीचा वेगळा विचार कुणाच्याही डोक्यात नव्हता.

तो विचार गुजरातमार्गे आला. सौराष्ट्रात व्हेल शार्कच्या तेलासाठीच्या जुन्या शिकारीला १९९० च्या दशकात मांसाच्या निर्यातीची जोड मिळाली आणि वेरावळच्या किनाऱ्यावर एका हंगामात शेकडो व्हेल शार्क ओढल्या जाऊ लागल्या. माइक पांडे यांच्या शोअर्स ऑफ सायलेन्स या २००० मधल्या माहितीपटाने हे दृश्य जगापुढे आणले. मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत गेली, वाघाच्या शेजारी. समुद्रातल्या माशाला असे संरक्षण मिळण्याची ही देशातली पहिलीच वेळ. जुलै २००१ मध्ये सरकारने एक पाऊल पुढे टाकून सगळ्याच मुशी आणि पाकटांना त्या यादीत घातले. ते टिकणारे नव्हते. मासेमारांची पोटापाण्याची गोष्ट होती आणि टोपलीतली हातभर मुशी विकणे वाघाच्या शिकारीइतके गंभीर ठरत होते. निर्यातदारांचा विरोध त्यात मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यादी व्हेल शार्क धरून दहा जातींवर आली. त्यांत करवत मासे होते, मोठा गिटारमासा होता, गंगेतली मुशी आणि पाकट होते आणि पाँडिचेरी मुशी होती, जी १९७९ नंतर खात्रीने कुणी पाहिलेली नाही. कोकणातल्या मासेमाराच्या जाळ्यात येऊ शकणाऱ्या जाती या यादीत मोजक्या होत्या, आणि त्या ओळखायच्या कशा हे त्याला कुणी सांगितलेही नव्हते.

गुजरातमध्ये २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वन खाते आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली. कथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि व्हाली हे नाव लोकांच्या तोंडी बसले. जाळ्यात आलेली व्हेल शार्क जाळे कापून सोडायची आणि जाळ्याची भरपाई सरकारने द्यायची, हा प्रघात तिथे रुळला. महाराष्ट्राने त्याचाच नमुना घेऊन २०१८ च्या शेवटी योजना आणली. कांदळवन कक्ष आणि मत्स्य खात्यामार्फत, संरक्षित प्राणी सोडताना जाळे फाटले तर मासेमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. प्राणी सोडल्याची छायाचित्रे किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. सुटका झालेल्यांत ऑलिव्ह रिडले कासवे जास्त आहेत, पण व्हेल शार्क आणि गिटारमासेही आहेत. दंडापेक्षा भरपाईचा मार्ग किनाऱ्यावर अधिक पटला, आणि ते स्वाभाविक होते. जाळे कापण्याचा निर्णय भर समुद्रात, कोणताही अधिकारी जवळ नसताना, होडीचा प्रमुख म्हणजे तांडेलच घेतो.

परांच्या व्यापारावर वेगळे नियम आले. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्राने पर कापून धड समुद्रात फेकायला मनाई केली, पर धडाला जोडलेलेच किनाऱ्यावर आणायचे. फेब्रुवारी २०१५ मध्ये परांची निर्यात पूर्ण बंद झाली. व्यापार त्याने आटला नाही, खाली गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईतल्या शिवडीचे एक गोदाम आणि वेरावळ इथून मिळून सुमारे ८,००० किलो पर जप्त केले. ते दुसऱ्याच सुक्या समुद्री मालाच्या नावाखाली चीन आणि हाँगकाँगला जात होते. इथे एक गोष्ट नजरेआड होते. कोकणात पर कापून धड टाकण्याची चाल फारशी नव्हतीच, कारण धडालाही गिऱ्हाईक होते. मुशीचे मांस देशातच खाल्ले जाते, ताजे मटण म्हणून किंवा खारवून, आणि गोव्यासारख्या ठिकाणी पर्यटकांच्या ताटात नव्याने वाढले आहे. परांवरच्या बंदीने मासेमाराचे उत्पन्न घटले, पण जाळ्यात येणाऱ्या मुशीची संख्या त्यामुळे घटण्याचे कारण नव्हते.

२०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या पाहणीत जगातल्या १,१९९ जातींच्या मुशी, पाकट आणि त्यांच्या आप्तांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात असल्याचे दिसले. त्या सर्वांना एकच मोठे कारण होते, अतिमासेमारी. भारताने २०२२ मध्ये वन्यजीव अधिनियमात दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि संरक्षित मुशी व पाकटांची यादी वाढली. सिंधुदुर्गात १९८७ पासून घोषित असलेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात मुशी आणि पाकटांची मोजणी, पिल्लांची नोंद आणि मासेमारांशी बोलून जुन्या काळच्या आठवणी गोळा करणे, हे काम गेल्या दहा वर्षांत संशोधक करत आहेत. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मालात लहान जाती आणि मोठ्या जातींची पिल्ले भरलेली दिसतात. जुन्या तांडेलांच्या बोलण्यातल्या माणसाहून लांब मुशी आणि करवत मासे त्यात क्वचितच येतात.

दहा-बारा पिल्ले देणाऱ्या हातभर मुशीचे नाव देशातल्या कडक संरक्षणाच्या यादीत नाही. २०२२ मध्ये पनामा इथे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटीस कराराच्या परिषदेने तिच्या संपूर्ण कुळाला दुसऱ्या परिशिष्टात घेतले आणि हे बंधन नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाले. त्याचा अर्थ तिचा माल देशाबाहेर पाठवायचा तर परवाना हवा आणि तो देण्याआधी साठ्याचा हिशेब दाखवायला हवा. कोळीवाड्यातल्या आणि मालवणच्या बाजारातल्या टोपलीला तो नियम लागत नाही, आणि या मुशीची बहुतेक विक्री त्या टोपलीतूनच होते.